फिरव, फिरव... थांब!

माजिवड्याच्या नाक्यावर हवेचा धंदा दोन्ही बाजूंनी चालतो. मुंबईकडून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग इथवर येऊन दम टाकतो. एक वाट घोडबंदरला फुटते, दुसरी नाशिकला निघते. वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, खाली रिक्षा, आणि उरलेल्या जागेत ज्याला त्याला आधी जायचं असतं. अशा ठिकाणी रस्त्याच्या कडेला एक पंक्चरवाला कंप्रेसर लावून टायरमध्ये हवा भरत असतो आणि त्याच्यापासून चार ट्रक सोडून एक मेकॅनिक तितक्याच तळमळीने दुसऱ्या ट्रकातली हवा काढत असतो. दोघेही घामाघूम, दोघांचाही हिशेब रोख.

ट्रकचं हवेशी नातं मुळातच गुंतागुंतीचं आहे. टायरला ती लागते. ब्रेकलाही लागते. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने 1869 मध्ये आगगाडीसाठी हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. माजिवड्याच्या सिग्नलला थांबताना अवजड ट्रक जो ‘फिस्स’ करून उसासा टाकतो, तो त्याच घराण्यातला. पण हीच हवा डिझेलच्या नळीत शिरली की इंजिन मुकं होतं, आणि स्टेरिंगच्या तेलात शिरली की ड्रायव्हर बोलायला लागतो. एकाच गाडीत ती दोन घरी जावई आणि दोन घरी चोर. मेकॅनिकला दिवसभर हे पाहुणचाराचे नियम सांभाळायचे असतात.

त्यातला डिझेलचा चोर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. नगर-नाशिककडचा ड्रायव्हर लहानपणी विहिरीवरच्या ऑइल इंजिनाने हवा धरलेली पाहूनच मोठा झालेला असतो. फिल्टरचा स्क्रू ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस संपून नितळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. हे काम तो गॅरेज न शोधता भररस्त्यात करतो, मागच्या गाड्यांच्या हॉर्नच्या साथीने.

स्टेरिंगमधल्या हवेचं प्रकरण मात्र सूक्ष्म. इथे सगळा खेळ तेलाच्या हट्टीपणावर उभा आहे. शंभर बार दाब दिला, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या वातावरणाच्या साधारण शंभरपट, तरी हायड्रॉलिक तेल एक टक्कासुद्धा आक्रसत नाही. तेवढ्याच दाबाखाली हवेचा जेमतेम शंभरावा हिस्सा शिल्लक राहतो. त्यामुळे नळीच्या या टोकाला तेल ढकललं की ते त्या टोकाला हजर होतं; मध्ये हवेचा बुडबुडा असला तर तो आधी स्वतः दबून घेतो, आणि लहर लागली तर पुढे काही पाठवतो. चाक फिरतं, गाडी विचार करते. मऊ स्टेरिंग म्हणतात ते हेच. नव्या ड्रायव्हरला सुरुवातीला ते फार आवडतं. पहिल्या वळणापर्यंत.

ट्रकवरचा इलाज तसा ठरलेला. पुढची चाकं जॅकवर उचलायची, टाकीत तेल भरायचं, इंजिन बंद ठेवून स्टेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, आणि एका पोराने टाकीत डोकावून बुडबुडे येतात का ते सांगायचं. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू. या सगळ्यात ‘सावकाश’ हा शब्द सर्वांत अवघड. अवजड गाड्यांना ठाण्यातून जायला ठरावीक वेळा बांधून दिलेल्या असतात, ट्रक कडेला खोळंबलेले असतात, आणि वेळ उघडायच्या आत काम उरकायचं म्हणून ड्रायव्हर चाक गरगरा फिरवतो. गरगरा फिरवलं की तेलाला फेस येतो. फेस म्हणजे नवी हवा. पोरगं टाकीत बघून ओरडतं, ‘‘उस्ताद, अजून येतंय!’’ उस्ताद ड्रायव्हरच्या सात पिढ्यांकडे वळतो.

हीच हवा याच नाक्यावर कधीकधी बोटीच्या स्टेरिंगमधूनही काढावी लागते. आता यात बोट कुठे आली? माजिवड्याला समुद्र नाही हे खरं, पण पाणी फार लांबही नाही. बाळकुम ओलांडून कोलशेतकडे गेलं की उल्हास नदी वसईच्या खाडीचं नाव घेऊन वाहताना दिसते. पलीकडच्या काठावर भिवंडीतलं काल्हेर. 2016 च्या कायद्याने देशात एकशे अकरा राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्यात त्रेपन्नाव्या क्रमांकावर आपला कल्याण-ठाणे-मुंबई. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली, मीरा-भाईंदर ही जेट्ट्यांची नावं वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापून आली आहेत की डोंबिवलीकराने मनातल्या मनात फर्स्ट क्लासचा पास रद्द करून बोटीचा काढलासुद्धा. खिडकीशेजारची जागा त्याने धरून ठेवली आहे. बोट तेवढी यायची आहे. शेजारच्या मंडळींनी मात्र बाजी मारली. वसई-भाईंदर रो-रो 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झाली, आणि तीसहून अधिक किलोमीटरचा रस्त्याचा वळसा टाळून माणसं स्कूटरसकट खाडी ओलांडू लागली.

तोवर माजिवड्यातून दिसणारी बोट ही ट्रेलरवर बसलेली. फायबरची, मागे एक-दोन आउटबोर्ड इंजिनं, वर निळी ताडपत्री. धरणावरच्या एखाद्या रिसॉर्टला निघालेली किंवा तिथून रुसून परत आलेली. नाक्यावर ती थांबली की रिक्षावाले मीटर सोडून तिच्याकडे बघतात. या बोटीच्या स्टेरिंगमध्येही तेलच असतं. चाकामागे एक छोटा पंप, तिथून दोन नळ्या मागच्या टोकापर्यंत, आणि तिथे इंजिनाला डावी-उजवीकडे ढकलणारा सिलिंडर. ट्रकात पंप इंजिनावर चालतो. इथे पंप म्हणजे चाक फिरवणाऱ्याचे हात. बाकी नातं सख्खं. म्हणून मुंबईतला बोटींचा जाणकार फोन उचलत नसला की मालक ट्रकच्या उस्तादाला गाठतो. उस्ताद बोटीभोवती एक फेरी मारतो, चाक दोन बोटांनी हलवून बघतो आणि निदान करतो: ‘‘शेठ, एअर पकडलीय.’’

निदान बहुधा बरोबर असतं. चाक स्पंजासारखं लागतं, सोडलं की थोडं मागे येतं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जिथे पाच-सहा फेरे पुरायचे तिथे सात-आठ लागतात. हवा शिरते ती ढिल्या जोडातून, झिजलेल्या सीलमधून, किंवा तेल कमी झालं तरी कोणी बघितलं नाही म्हणून. घोडबंदर रस्त्याच्या खड्ड्यांतून हवा थेट तेलात जात नाही हे विज्ञान मान्य करतं. नळीचे जोड खिळखिळे करायचं काम मात्र ते खड्डे इमानेइतबारे करतात.

इथून पुढे जे घडतं त्याला माणसं लागतात. एकट्याने हे काम होत नाही, आणि गंमत अशी की ज्यांना एकमेकांशी सतत बोलत राहायचं आहे त्यांना एकमेक दिसत नाहीत. एक जण पुढे चाकावर. एक जण मागे सिलिंडरपाशी, हातात पाना, निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. चाकाच्या पंपावर तेलाची बाटली उलटी बसवून तिच्या बुडाला भोक पाडलेलं. ती रिकामी होऊ न देणारा तिसरा. साध्या एका चाकाच्या बोटीला साधारण दोन लिटर तेल सहज लागतं. बाटली एकदा कोरडी पडली की पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि मंडळी पुन्हा पहिल्या पानावर. चौथ्याचं काम सर्वांत मानाचं आणि सर्वांत कंटाळवाणं: सिलिंडरचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं, तो मागे सरकू द्यायचा नाही. हे काम नेहमी मालकाच्या मेव्हण्याकडे जातं.

मग सुरू होतो तो संवाद. आधी चाक एका बाजूला पूर्ण फिरवून दांडा टोकाला न्यायचा. त्या बाजूचं निपल सैल करायचं. दांडा धरून ठेवायचा आणि चाक उलटं फिरवायला लागायचं. नळीतून आधी हवा, मग हवा-तेलाची खिचडी, मग अखंड तेलाची धार. धार आली की चाक फिरतं असतानाच निपल बंद करायचं. आधी चाक थांबवून मग बंद केलं तर गेलेला पाहुणा दारातूनच परत. मग हेच सगळं दुसऱ्या बाजूने. कागदावर हे पाच ओळींत बसतं. माजिवड्यात ते असं होतं:

‘‘फिरव!’’

‘‘कुठल्या बाजूला?’’

‘‘डावीकडे!’’

‘‘तुमच्या डावीकडे की माझ्या?’’

मागच्या माणसाचं तोंड पुढे असतं की मागे, यावर त्याची डावी बाजू ठरते, आणि तो सिलिंडरवर वाकलेला असल्याने बहुतेक वेळा त्याचं तोंड खाली असतं. खलाशांनी असल्या वादांवर बोटीची कायमची डावी-उजवी ठरवून फार पूर्वी पडदा टाकला. रस्त्यावर मात्र तो वाद जिवंत आहे. शेवटी ‘मेट्रोकडे’ आणि ‘चहाच्या टपरीकडे’ अशा दोन दिशा नक्की होतात आणि काम पुढे सरकतं.

‘‘फिरव, फिरव, फिरव... थांब!’’ इथे एका कंटेनरचा हॉर्न वाजतो आणि ‘थांब’ त्यात विरघळून जातं. चाकावरचा इमानदारीने फिरवत राहतो. बाटलीतलं तेल संपतं. मेव्हण्याच्या नाकाला खाज सुटते.

ट्रकच्या सवयीचे लोक बोटीवर दोन चुका हमखास करतात. पहिली घाईची, ती वर आलीच. दुसरी तेलाची. गॅरेजात हाताशी ब्रेक ऑइलची बाटली असते आणि तेल ते तेल, असा विचार होतो. ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल. त्याची घडण निराळी, आणि खनिज तेलासाठी बनवलेली रबरी सीलं त्यात फुगून कुजतात. कंपन्या आपापल्या माहितीपुस्तकांत हे ठळक अक्षरांत छापतात. माहितीपुस्तक बोटीत असतंच. त्यात गुंडाळलेले शेंगदाणे संपले की वाचायला मिळतं.

काही बोटींना दोन चाकं असतात, एक खाली आणि एक वरच्या मजल्यावर. तिथे सुरुवात वरच्या चाकापासून करायची, कारण हवा वर चढते आणि सर्वांत उंच जागी जाऊन बसते. हा नियम माजिवडा-कापूरबावडी पट्ट्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला वेगळा समजवावा लागत नाही. ‘स्टेम’ प्राधिकरणाच्या पाण्याचा शटडाउन झाला की पुढले एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येईल, अशी सूचना लागते. ते येतं तेव्हा पाइपांतून आधी हवा येते, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर नळ उघडला तर तो नुसता खोकतो. मग तळमजल्यावरचे लोक, ज्यांना पाणी कधीच बंद झालेलं नसतं, प्लंबरला फोन करायची गरज काय असा ठराव मांडतात. प्लंबर येतो, गच्चीवरचा एक जोड सोडतो, फुस्स करून हवा जाते, पाणी येतं. ‘‘एवढंच होतं?’’ असं खजिनदार विचारतो, कारण पैसे द्यायची वेळ झालेली असते.

जहाजांच्या दुनियेत हा खेळ माजिवड्याच्या नाक्याहून बराच जुना आहे. चाक आणि सुकाणू यांच्यात तेल किंवा पाणी घालून संदेश पाठवायची युक्ती एकोणिसाव्या शतकात एडिंबरोच्या अँड्र्यू बेट्स ब्राउनने टेलिमोटर या नावाने रुजवली. ब्रिजवर चाक फिरलं की नळ्यांमधला द्रव मागच्या टोकाच्या इंजिनाला खबर देई. गोठू नये म्हणून पाण्यात ग्लिसरीन घालत. टायटॅनिकवर असंच यंत्र होतं. अटलांटिकच्या तळाशी त्याचा ब्राँझचा खांब अजून उभा आहे, चाकाचं लाकूड गेलं तरी. बाकीच्या जहाजाबद्दल काहीही म्हणा, एडिंबरोचा माल टिकाऊ होता.

नळीतून तेल गळून हवा आत आली तर काय होतं, याचं सर्वांत महागडं उदाहरण 16 मार्च 1978 चं. ‘अमोको कादिझ’ हे अजस्र तेलवाहू जहाज इराणच्या आखातातून रॉटरडॅमकडे निघालेलं. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ, वादळी समुद्रात, सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुकाणूच्या हायड्रॉलिक यंत्रणेतल्या एका जोडाचे बोल्ट तुटले आणि तेल भसाभसा बाहेर आलं. इंजिनिअरांनी शिकस्त केली, पण मोकळं सुटलेलं सुकाणू लाटांच्या तालावर झोडपत होतं. त्याच्याजवळ उभं राहणंच जिवावरचं. ‘पॅसिफिक’ नावाची जर्मन टगबोट मदतीला आली तेव्हा ओढायचं कुठल्या अटींवर, यावर घासाघीस सुरू झाली, आणि मालकांची मंजुरी यायची होती ती थेट शिकागोहून. रात्री जहाज पोर्तसालच्या खडकांवर चढलं आणि दोन लाख वीस हजार टनांहून अधिक कच्चं तेल समुद्रात गेलं. ब्रिटनीच्या कोळ्यांची ती वर्षं कशी गेली हा विनोदाचा विषय नाही. पण तांत्रिक मंडळींनी धडा घेतला: मोठ्या तेलवाहू जहाजांना सुकाणूची दुहेरी, एकमेकांपासून तोडता येणारी व्यवस्था सक्तीची झाली.

सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत आणखी एक आकडा आहे. जहाज पूर्ण वेगात असताना सुकाणू एका बाजूच्या 35 अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत अठ्ठावीस सेकंदांत गेलं पाहिजे. लाखभर टनांच्या जहाजाला बाजू बदलायला अठ्ठावीस सेकंद. माजिवड्याच्या पुलाखाली एक हॅचबॅक यू-टर्न घ्यायला किती घेते हे उभं राहून मोजावं. घड्याळ मात्र चांगल्या बॅटरीचं न्यावं.

आपल्या किनाऱ्यावरच्या साध्या मासेमारी नौकांना या सगळ्याचं सोयरसुतक नाही. त्यांच्या सुकाणूला साखळी, दोर, दांडा असला सरळ कारभार. साखळी गंजते, दोर तुटतो, पण दोघांपैकी एकालाही हवा लागत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, नौका काठावर ओढलेल्या असतात. तेव्हा रंगरंगोटी, जाळ्यांची डागडुजी, इंजिनाची उघडझाप असं सगळं चालतं. अशा वेळी एखादा जुना तांडेल शेजारच्या फायबर बोटीवर चाललेला निपल-बाटलीचा प्रयोग शांतपणे बघतो आणि विचारतो, ‘‘किती जणं लागतात याला?’’ चार, असं उत्तर आलं की तो आपल्या एकट्याच्या साखळीला ग्रीस लावायला निघून जातो. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण दोनशे-तीनशे घोड्यांची इंजिनं मागे लटकवून पळायचं असेल तर साखळीने मनगट निखळेल, एवढं त्या फायबरवाल्याच्या बाजूनेही सांगितलं पाहिजे.

माजिवड्यात इकडे संध्याकाळ होत आलेली. दोन्ही बाजूंची धार नितळ आली, निपलं आवळली, दांडा सोडला, मेव्हणा सुटला. आता परीक्षा. चाक एका टोकाला नेऊन तिथेच जोर देऊन दाबायचं आणि पंपाच्या भोकात तेलाची पातळी बघायची. पातळी खाली गेली तर आत कुठेतरी हवा दबते आहे, म्हणजे तेल तिच्या जागेत सरकतंय. हलली नाही तर फत्ते. हे ज्ञान उस्तादाला कुठल्या पुस्तकाने दिलं नसलं तरी तो दाबतो, डोकावतो, मोबाइलचा टॉर्च मारतो, पुन्हा दाबतो. उगाच मान डोलावतो. बघ्यांमधला एक रिक्षावाला म्हणतो, ‘‘अजून थोडी असेल.’’ त्याला तिथून हाकललं जातं.

मग बिल. तेलाच्या बाटल्यांचे इतके, त्यांच्यावर छापील किंमत आहे. एक निपल बदललं त्याचे इतके. आणि खाली एकच ओळ, ‘एअर काढणे’, तिच्यासमोरचा आकडा वरच्या दोन्हींच्या बेरजेहून मोठा. शेठ चष्मा वर करतो.

‘‘उस्ताद, पंपावर हवा भरायला फुकट असते.’’

‘‘तर मग शेठ, पंपावरच काढून घ्यायची होती.’’

शेठ शंभर कमी करायला सांगतो, उस्ताद पन्नासवर येतो, मेव्हणा दोघांच्या मध्ये पडून पंचाहत्तरवर मिटवतो. ट्रेलर हलतो. घोडबंदरकडे वळण्याच्या सिग्नलला त्याच्या मागे एक टेम्पो येऊन लागतो. टेम्पोचा ड्रायव्हर खिडकीतून मान काढून ताडपत्रीकडे बघतो आणि विचारतो, ‘‘काय हो, डोंबिवलीची सुरू झाली का?’’